रिकाम्या बाटल्यांतलं पेनिसिलिन

संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा राजारामपुरीत माझा लहानसा दवाखाना होता. बायकांची डॉक्टर म्हणून आसपासच्या गावांतून बाळंतिणी माझ्याकडे यायच्या. बाळंतरोगानं बायका डोळ्यांदेखत जाताना मी शिकत असताना पाहिल्या होत्या. त्यामुळे पेनिसिलिन मिळायला लागलं तेव्हा मला झालेला आनंद आजच्या डॉक्टरांना समजायचा नाही.

शिरोळकडची एक बाळंतीण तापानं फणफणलेली आली. सोबत नवरा, सासू आणि सासूच्या मांडीवर तान्हं पोर. मी लगेच पेनिसिलिन सुरू केलं. दर थोड्या तासांनी टोचत होते, पण ताप हटेना. मात्रा वाढवली, तरी तेच. सासू पायथ्याशी बसून माझ्या हाताकडे टक लावून बघायची.

"बाई, सुया टोचून पोरीची चाळण झाली की. गुण कुटं हाय?"

"येईल मावशी, जरा दम धरा."

खरं तर माझाच दम सुटत चालला होता. पुढची बाटली घेऊन मी खिडकीपाशी गेले. आत पाणी सोडून हलवली. एरवी ती भुकटी बघता बघता विरघळून पाणी नितळ व्हायचं. इथे तळाशी पांढरा साका राहिला. पेटीतली दुसरी बाटली उचलली. तिच्या तोंडावरची पत्र्याची कडी पुन्हा आवळल्यासारखी सुरकुतलेली होती. कडी काढून रबराचं बूच पाहिलं, तर मी सुई घालायच्या आधीच त्याला भोकं पडलेली. म्हणजे ती बाटली कुणीतरी आधीच वापरून टाकली होती. बाटली अस्सल, वरचं लेबलही अस्सल. आत मात्र खडूची पूड होती की आणखी काय, देव जाणे.

पेटीतल्या काही बाटल्या चांगल्या दिसत होत्या, पण आता कशावर विश्वास ठेवायचा? मिरजेच्या इस्पितळात माझी एक वर्गमैत्रीण काम करायची. तिच्या नावानं चिठ्ठी देऊन मी बाळंतिणीच्या नवऱ्याला एस.टी.नं पिटाळलं. पटक्याच्या शेवात बाटल्या गुंडाळून तो परत आला. ते औषध सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी बाईला घाम फुटून ताप उतरला.

सासूनं पोराला आईजवळ निजवलं आणि माझ्याकडे वळली.

"मिरजंचं औषध लागू पडलं. तुमच्या हाताला गुण न्हाय, बाई."

मला ते झोंबलं. "मावशी, औषध तेच होतं. आमच्याकडं आलेलं खोटं निघालं."

"म्हंजे तुमी खोटं औषध टोचलासा व्हय माज्या सुनंला?"

बाई जगली, पण तिचं दूध गेलं. घरी जाताना तिला दोघांनी धरून चालवत नेलं.

ज्या दुकानातून मी पेटी घेतली होती तिथं मी तडक गेले. दुकानदार ओळखीचा, अदबीनं बोलणारा. बूच पुढे केलं तर त्यानं चष्मा लावून ते नीट पाहिलं सुद्धा.

"बाई, माल एजंटाकडून येतो. मी काय बाटलीत शिरून बघणार?"

"एजंट कुठला?"

"मुंबईचा म्हणतो. पेटी ठेवतो आणि जातो. बाजारात टंचाई आहे. मी माल ठेवला नाही तर सगळ्यात आधी तुम्हीच ओरडाल."

तेही खोटं नव्हतं, म्हणून जास्तच संताप आला.

मग मी सरकारी औषध-निरीक्षकांना गाठलं. त्यांच्या हाताखाली अनेक तालुके होते. माझ्या बाटल्या त्यांनी हातातही घेतल्या नाहीत.

"तुम्ही उघडलेल्या आहेत, बाई. त्यात तुम्हीच काही घातलं नाही कशावरून?"

"ह्या दोन बंद आहेत की!"

"मी स्वतः दुकानातून उचललेला नमुनाच कोर्टात टिकतो. तुम्ही अर्ज द्या."

अर्ज दिला. त्याची वाट बघण्यात किती आठवडे गेले कोण जाणे. निरीक्षक येणार ही बातमी मला कळायच्या आधी बाजाराला कळली होती. ते आले, दुकानातून बाटल्या उचलल्या, मोहोर लावून प्रयोगशाळेत पाठवल्या. निकाल आला: औषध प्रमाणित दर्जाचं आहे. असणारच. तोवर दुकानात दुसरं काही उरलंच नव्हतं.

पुढच्या खेपेला त्या दुकानात गेले तर गल्ल्यामागच्या भिंतीवर तो निकाल काचेच्या फ्रेममध्ये लावलेला. वर हार. दुकानदार हसून म्हणाला, "तुमच्या कृपेनं, बाई." मी कापूस घ्यायला गेले होते, तो न घेताच परतले. माझ्या तक्रारीतून निघालं ते एवढंच.

गावातल्या डॉक्टरांच्या बैठकीत मी सुचवलं, की वापरलेली प्रत्येक बाटली आपण फोडून टाकू. बाटल्याच मिळाल्या नाहीत तर भरणार कशात? एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, "अहो, रिकाम्या बाटल्यांवर कंपाउंडरचं चहापाणी चालतं. त्याच्या पोटावर का पाय देता?" दुसरे म्हणाले, "याचा बोभाटा झाला तर लोक सुईच नको म्हणतील." मग चहा आला आणि विषय बदलला.

मी माझ्यापुरतं सुरू केलं. मागच्या अंगणात गोणपाटाखाली बाटल्या ठेवून वरवंट्यानं फोडायचे. एकदा काचेचा तुकडा मनगटात घुसला. दारावर येणारा भंगारवाला हळहळायचा. "चांगली बाटली फोडताय, बाई! त्या कोपऱ्यावरचं डॉक्टर तर धुऊन देत्यात." ते डॉक्टर बैठकीत माझ्या शेजारीच बसले होते.

पुढं शिरोळकडचीच एक बाई तापानं आली. नवऱ्यानं उंबऱ्यातच सांगितलं, "सुई नको. प्यायचं औषध द्या." मी त्याला जवळ बोलावलं. नवी बाटली हातात दिली, कडी त्याच्यासमोर काढली, बूच दाखवलं. "बघा, एक तरी भोक आहे का?" त्यानं अंगठ्याच्या नखानं बूच चाचपलं, उजेडात धरलं, बायकोलाही दाखवलं. मग अगदी शांतपणे बाटली टेबलावर ठेवली.

"आमास्नी त्यातलं काय कळतंय, बाई? तुमास्नी बी आदी कळलं न्हवतं की."

मी पुष्कळ समजावलं, शेवटी आवाजही चढवला. बायको भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. त्यानं तिला उठवलं, तिच्या खांद्यावर घोंगडं टाकलं आणि दोघं एस.टी.च्या वेळेला निघून गेली. तिचं पुढं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. मी दारात उभी राहून गाडी सुटल्याचा आवाज ऐकला आणि आत येऊन पुढच्या बाईला हाक मारली.