हिराजीची दोन रिकामी मिनिटं

"हा माणूस अर्धी पाळी नुसता उभा असतो?" मॅनेजरसाहेबांनी माझ्या तक्त्यावर बोट ठेवलं. "टेम्पररीच आहे ना? शनिवारी घरी पाठवा."

तक्ता मीच केला होता. पन्नासच्या दशकातला अंबरनाथचा कारखाना, मी नवा चार्जमन, म्हणजे कामगारांवर देखरेख करणारा, हातात स्टॉपवॉच आणि अंगात नको तितका उत्साह. कोण किती वेळ काम करतो, किती वेळ रिकामा असतो, ते टिपायचं होतं. मोरिवलीहून चालत येणारा हिराजी छिन्न्यांना पाणी द्यायचा. त्याच्या 'आयडल' रकान्यात मी इमानेइतबारे साडेतीन तास लिहिले होते.

पाणी देणं म्हणजे काय? भट्टीत लाल केलेल्या छिन्नीची फक्त धार पाण्यात बुडवायची आणि घासून लख्ख करायची. मागची उष्णता धारेकडे सरकते, तसे पोलादावर रंग चढतात. आधी पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. जांभळा धारेवर आला की छिन्नी पुन्हा पाण्यात. घाई केली तर धार तुटते, उशीर झाला तर मऊ पडते. रंग यायला दोन मिनिटं लागतात आणि जांभळा टिकतो जेमतेम चार श्वास. ती दोन मिनिटं हिराजी उभा असायचा.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्या घरी चार लेकरं होती. नोकरी वाचवायला मी शक्कल लढवली.

"हिराजी, रंग येईस्तोवर तयार मालाला लेबलं बांधत जा. रिकामे दिसू नका."

"मंग रंग कोन बगल, सायेब?"

"अधूनमधून मान वर करायची."

त्याने सांगितल्याप्रमाणे अधूनमधूनच मान वर केली. संध्याकाळी निम्म्या छिन्न्या निळ्या. आयडल मात्र शून्य.

"म्हणजे कामही येत नाही," साहेब म्हणाले.

"साहेब, त्याला रंग बघत उभं राहावंच लागतं."

"बघणं हे काय काम झालं?"

दुसऱ्या दिवशी मी स्वतः चिमटा हातात घेतला. पिवळा दिसला. साहेबांना काय उत्तर द्यावं याचा विचार करू लागलो, तोवर धार निळी. दुसऱ्या छिन्नीच्या वेळी बढती आठवली. तीही निळी.

"तुमचं मन भरकटत नाही?" मी हिराजीला विचारलं.

"भरकटतंय की. म्हनून चिमटा खाली ठेवाचा नाय. आन् रंग हाय तिकरं बगाचा नाय, जिकरं याचाय तिकरं बगाचा."

तसं केलं. तिसरी साधली, चौथी पुन्हा निळी.

शुक्रवारी मी नवा तक्ता केला. साडेतीन तास तसेच ठेवले, फक्त 'आयडल' खोडून 'इन्स्पेक्शन' लिहिलं. इंग्रजीत लिहिलं की बघणंही काम होतं.

साहेब खूश झाले. शनिवार आला आणि गेला. दोन महिन्यांनी हिराजी पर्मनंट झाला. मला शाबासकीचं पत्र मिळालं.

"साडेतीन तासांचं शून्य केलंत," पत्र देताना साहेब म्हणाले. "कसं जमवलंत?"

"त्याच्या हातातली लेबलं काढून घेतली."

साहेब मनापासून हसले. त्यांना तो विनोद वाटला.

ज्याला काम येत नाही, त्याला कामातलं थांबणं आळसासारखं दिसतं. अशांच्याच हाती स्टॉपवॉच देतात. मला तर पगारासकट दिलं होतं.