ओल्या कपाळावरची रेघ

टर्पेंटाइनचा वास आला की निरवांगीतलं ते वर्षश्राद्ध आठवतं. त्या घरच्या थोरल्या मुलानं वारलेल्या वडिलांचा फोटो मोबाईलवर गोरा, गुळगुळीत करून दिला होता आणि मी बारामतीत आठ दिवस मान मोडून तो तसाच्या तसा तैलरंगात उतरवला होता. तिथी गाठायची म्हणून चित्र ओलंच नेलं. हात लावू नका, हे सांगायचं राहून गेलं. म्हातारीनं फोटोला लावतात तसा गंध लावायला नवऱ्याच्या कपाळावर बोट टेकवलं, तर रंगच ओढला गेला. उमटलेली रेघ बुजवायला मी ब्रश काढला. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "हितं आठी हुतीच त्यांच्या. आता कुठं वळखू येत्यात." अजूनही असलेच गुळगुळीत चेहरे रंगवून माझे खांदे भरून येतात. त्या चित्रात खरी रेघ एकच होती, आणि ती माझी नव्हती.