मामाजींना विचारून सांगते

अख्ख्या वऱ्हाडात गेलेल्या सासऱ्याला अजून कामाला लावणारी बाई एकच, आणि ती माझी मामेबहीण आहे. अकोल्याच्या एमआयडीसीत त्यांची डाळमिल, आता चांगली मोठी कंपनी झालीय, आणि ही तिची मुख्य. चालते अशी की पावलाचा आवाज नाही. ती मागे येऊन उभी राहिली हे आधी आपल्या मानेला कळतं. मिलमध्ये चप्पल काढून उभी राहते, फरशीची थरथर तळपायाला लागली की म्हणते, "तीन नंबरचं बेअरिंग जाऊन राहिलं." आणि संध्याकाळपर्यंत ते जातंच, बरं का! मिस्त्री तिला रामराम घालतो तो आदरानं की भीतीनं, देव जाणे.

पण खरा नमुना मीटिंगमध्ये बघावा. सासरे जाताना कारभार हिच्या हाती देऊन गेले. दोघे दीर संचालक, पण हिचं ऐकतील तर शपथ! ही बोलायला लागली की ते मोबाइल काढायचे. मग हिनं सासऱ्यांची, म्हणजे तिच्या मामाजींची, खुर्ची टेबलाशी रिकामी ठेवायला सुरुवात केली. काही ठरवायचं असलं की तिकडे वळायची, मिनिटभर पापणी न हलवता बघायची, आणि मान डोलवायची. "मामाजी म्हणतात, नवीन मशीन घ्या." दोघे मुकाट सह्या करायचे. मशीन घेतलं, मिल वाढली, पुढेही वाढतच गेली.

मागच्या वर्षी मी अमरावतीहून सहज गेले, तर नेमका त्याच दिवशी दिरांनी हिला काढायचा ठराव आणलेला. मी कोपऱ्यात चहा घेऊन बसले. धाकटा म्हणाला, "विचारा न वहिनी, बाबाले बी विचारा."

ती वळली. एक मिनिट गेलं, दोन गेली. "आज ते काईच बोलून नाही राहिले," म्हणाली, आणि तिचा आवाज कापलेला मी पहिल्यांदा ऐकला.

"मंग मीच बसतो तिथं!" धाकटा हसत टेकला आणि चटका बसल्यासारखा उठला. "गरम आहे," म्हणाला. "आत्ताच कोणी उठून गेल्यावानी." थोरल्यानं हात लावून पाहिला, आणि हळूच मागे घेतला. ठराव कोणी वाचलाच नाही.

जिन्यात मी तिला गाठलं. "खरं सांग वो, आधी तूच बसली होती न?"

"मी कावून बसू? ताई, मले त आजवर त्यायचा एक शब्द ऐकू आला नाही. सारं माह्याच डोक्यातलं."

माझ्या अंगावर काटा आला. तिला मात्र त्याचं काही नव्हतं. ती कठडा धरून थांबली होती. "आता तं सारा बाजार म्हणते, मामाजीची पुण्याई. वाटते, एखादा निर्णय सपशेल चुकवावा, ताई. तेवढा तरी माह्या नावावर राहीन."

मला हसू आलं, आणि ते तोंडावर येईपर्यंत कुठं गेलं कळलं नाही. मी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.