समासातली शेजारीण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमचं मंडळ दर वर्षी कुणातरी बाईला 'चार शब्द' बोलायला उभं करतं. यंदा माझी पाळी आली. विषय ठरवूनच दिला होता: खरी मैत्री, जीवनातली आणि साहित्यातली. एरवी असल्या विषयाला मी नाक मुरडलं असतं, पण यंदा पहिल्या रांगेत ती बसणार होती.

ती म्हणजे माझी मैत्रीण, नागपूरची. वीस-एकवीस वर्षांपूर्वी आमचे दोघींचे नवरे फौजेत होते आणि चंदीगडजवळच्या छावणीत आमची क्वार्टर्स समोरासमोर होती. तीन वर्षं तसं राहिलो. मग बदल्या झाल्या. निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीपायी आम्ही फिरून इथंच, चंदीगडच्या मनीमाजऱ्यात येऊन पडलो आणि ती पुण्याला गेली. आता मुलीचं बाळंतपण करायला ती इथून जवळच, मुल्लानपूरच्या नव्या इमारतीत मुलीकडे आली होती.

फौजी संसारात मी बारा घरं लावली आणि बारा आवरली. प्रत्येक ठिकाणी जिवाभावाच्या म्हणवणाऱ्या बायका भेटल्या, आणि सामानाचा ट्रक वळणाआड गेला की विसरल्या. मीही विसरले, खोटं कशाला बोलू? पण ही एक मैत्री खरी, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तेवढं एकदा चारचौघींत, तिच्या तोंडावर सांगायचं होतं.

भाषणाला दाखले हवेत म्हणून मी पेटी उघडली. ही पेटी म्हणजे काळी लोखंडी ट्रंक, फौजेतल्या घराघरात असते तशीच, फक्त आत मराठी पुस्तकं. छावणीतल्या मराठी बायकांनी मिळून ती भरली होती. ज्या घरी पेटी, तिथं जाऊन पुस्तक न्यायचं, आणि बदली झाली की पेटी दुसरीच्या घरी सरकवायची. मी इथं परतले तेव्हा ती कुणाच्या तरी गॅरेजमध्ये धूळ खात होती. नव्या मुलींना पुस्तकांचं काही पडलेलं नाही आणि त्यांची पोरं मराठीत विचारलं तरी हिंदीत बोलतात. म्हणून मी ती घरी आणली.

त्या पेटीची एक रीत होती. वाचताना जे सुचेल ते पेन्सिलीनं समासात लिहायचं. पुढची वाचणारी त्याखाली उत्तर द्यायची. 'हिला दोन थोबाडीत द्यायला हव्यात.' 'नवऱ्याला आधी द्या.' नवरे बॉर्डरवर, फोनला रांगा, तेव्हा आमच्या अर्ध्या गप्पा या समासांत चालत. एकदा वाचलेलं पुस्तक परत न्यायचं नाही असाही नियम होता, कारण पुस्तकं थोडी आणि बायका अधाशी.

त्यात एक कादंबरी होती. तिचं मुखपृष्ठ आणि सुरुवातीची पानं तेव्हाच गेलेली, त्यामुळे नाव कुणालाच ठाऊक नाही. त्यात एक शेजारीण आहे. कुणाच्या घरी दुखणं आलं की हिच्या अंगात येतं. झाकलेली वाटी घेऊन दारात हजर, आणि मग तासभर हलत नाही. ही कादंबरी मी मैत्रिणीच्या आधी वाचली होती. मीच तिच्या हातात दिली होती, म्हटलं होतं, "त्या शेजारणीचं प्रकरण वाच, पोट धरधरून हसशील."

ती हसली होती तर. त्या प्रकरणाच्या समासात तिचं उजवीकडे कललेलं अक्षर होतं: 'वाटी आली! ओळख पाहू कोण?' खाली दुसरं, गोल अक्षर, आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईचं: 'समोरचं दार. सुटका नाही.' त्याखाली पुन्हा ती: 'मुगाचं कढण पिऊन कावीळ गेली, आता वेड लागेल.'

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग पुस्तक मिटलं आणि कुकर लावला, कारण जेवायची वेळ झाली होती.

ती कावीळ मला चांगली आठवते. तिचा नवरा बॉर्डरवर होता आणि मुलगी सात वर्षांची. सव्वा महिना मी सकाळ-संध्याकाळ तिला बिनतेलाचं, बिनतिखटाचं नेऊन दिलं. तिच्या मुलीच्या वेण्या घातल्या, तिला शाळेच्या बसमध्ये बसवलं. एकदा धुक्यात घसरून पडले, तरी कढण सांडू दिलं नाही. आणि हो, तिच्याजवळ तासभर बसायचे. तिला एकटीला रडू येतं असं तीच म्हणाली होती.

आता माणूस असंही म्हणेल की, बाई, आजारी माणसानं चिडून लिहिलं, त्याचं काय एवढं! मीही दोन दिवस मनाला तेच समजावलं. पेटीतली आणखी पुस्तकं काढली. एका बोलताना अडखळणाऱ्या बिचारीवर मी स्वतः काय काय लिहून ठेवलं होतं तेही सापडलं, आणि ते मी मुकाट्यानं खोडरबरानं पुसलं. पण तिनं लिहिलेलं पुसवेना. गोड बोलून वाटी घ्यायची आणि पाठ वळली की पेन्सिल, याला मी मैत्री म्हणून वीस वर्षं उराशी धरून बसले होते. मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा.

हळदीकुंकवाला मी कसंबसं बोलले. साहित्यातले मित्र एकमेकांसाठी जीव देतात, म्हटलं. पुस्तकात जीव देणं सोपं असतं, पुढचं पान लेखकाला लिहायचं असतं. आजारी माणसाला रोज बेचव कढण पाजणाऱ्यावर मात्र कुणी गंभीर कादंबरी लिहीत नाही, लिहिलं तर विनोदी प्रकरण लिहितात. बायकांनी हसून टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या. तिच्याबद्दल जे सांगणार होते ते पोटातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. मी ठरवलं होतं की ते पान तिच्यापुढं धरायचं आणि विचारायचं. पण माझ्याआधी तिनंच पेटी पाहिली.

"अगं, ही अजून आहे नं!" म्हणत तिनं फतकल मारली आणि एकेक पुस्तक काढू लागली. ती कादंबरी मी वरच ठेवली होती. मी चहा घेऊन दारात थांबले. ती पानं उलटत त्या प्रकरणापाशी आली, वाचू लागली. मला वाटलं, आता चेहरा उतरेल. एवढ्यावरही मी विरघळले असते.

ती खो खो हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"कोण होती गं ही वाटीवाली? मला तर काहीच आठवून नाही राहिलं."

मी चहाचे कप खाली ठेवले.

"आणि हे खालचं अक्षर तुझंच नं? आपण दोघीच तर लिहायचो. किती टवाळ होतो नं आपण! बिचारी ती."

तिनं लपवलं असतं तर मी माफ केलं असतं. पण ती काहीच लपवत नव्हती. सव्वा महिना, वेण्या, कढण, सगळं तिच्या मनातून धुऊन गेलं होतं. उरली होती कुणी एक हास्यास्पद बाई, आणि तिच्यावर हसायला तिच्या शेजारी बसलेली मी.

"असेल," मी म्हटलं. "चहा निवतोय."

तिच्या मुलीसाठी मी डिंकाचे लाडू केले होते. दोन दिवस खपून, तुपात डिंक फुलवून. लेकरानं माझ्या हातचं खाल्लंय, तिच्यावर राग कसला? लाडवांसाठी स्टीलचा कडीचा डबा घासून ठेवला होता. आमच्याकडे दिलेलं भांडं रिकामं परत येत नाही. चिमूटभर साखर का होईना, घालून येतं, आणि मग पुन्हा इकडून तिकडे जातं. ती चपला घालत होती तेवढ्यात मी स्वयंपाकघरात गेले, स्टीलचा डबा फळीवर सारला आणि लाडू मिठाईवाल्याच्या पातळ प्लास्टिकच्या डब्यात भरले.

"डबा पाठवते गं परत," ती म्हणाली.

"नको," मी म्हटलं. "फेकून दे."