गगनवीराच्या तोंडावरचं फडकं

तोंड झाकून लोकांचं भलं करणाऱ्या माणसावर माझा आजवर विश्वास बसलेला नाही. असा एकच माणूस माझ्या माहितीतला होता, तोही कागदावरचा. त्याचं नाव गगनवीर.

माझा काका मुंबईला छापखान्यात कामाला होता. तिथं दर महिन्याला गगनवीराची चोपडी निघायची. प्रत्येक पानावर एक चित्र, खाली दोन ओळी. गावाकडे येणाऱ्या कुणाच्याही हाती काका ती धाडायचा. गगनवीर आभाळात उडायचा, बैलगाडी बैलांसकट उचलायचा, बुडती बोट दोरीने ओढून काठाला लावायचा. पाठीवर लांब कापड, नाकाखाली निळं फडकं. पोलादपूरच्या अलीकडे आमची वाडी. तिथल्या बायकांत चौथी पास झालेली मी एकटी, त्यामुळे चोपडी वाचून दाखवणं आणि तिच्यावर मत देणं ही दोन्ही कामं माझ्याकडे होती. (मत कुणी मागत नसे.)

माझं मत सरळ होतं. हा माणूस लबाड आहे. दर अंकात सहाव्या पानावर आग लागते आणि सातव्या पानावर हा हजर! याला कळवतं कोण? आमच्या डोंगराला वणवा लागला तर शेजारच्या वाडीतली माणसं यायला दुपार व्हायची. तेव्हा आग हाच लावत असणार. शेवटच्या पानावर पुढच्या अंकाची जाहिरात असे. त्या फाल्गुनात छापलं होतं, 'पुढील अंकी येत आहे लाल बुरखेवाला. मित्र की वैरी?' मी पाणवठ्यावर निकाल देऊन टाकला.

"दोघं एकच हायत. काकाच्या छापखान्यात शाया दोनच, निळी नि लाल. फडकं बदललं की झाला दुसरा माणूस."

"पन तो तोंड का झाकतो गो?" काकीने विचारलं.

"दाखवण्याजोगं नसंल. माझ्यासमोर येऊ दे, फडकंच ओढते."

शेजारचा धोंडूदादा बैलांना पाणी पाजत होता. तो म्हणाला, "शिमग्यात मीच येतो तुझा गगनवीर होऊन. ओढ बघू."

शिमग्यात आमच्याकडे सोंगं दारोदार फिरायची. वाडीची रीत अशी की सोंग ओळखलं तर त्याचं तोंड उघडं करायचं आणि त्याने अंगणात नाचून दाखवायचं. ओळखलं नाही तर त्याला नारळ द्यायचा. आमच्या घरातून त्या वर्षी नारळ जाणार नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

घरात मात्र नारळापेक्षा मोठी काळजी होती. माझी थोरली बहीण काशी. तिची दोन स्थळं ऐनवेळी मोडली होती. आता तुडीलहून मुलाचे वडील शिमगा झाल्यावर बघायला येणार होते. आईने मला बजावलं होतं, "ते येऊन जाईस्तोवर तू तोंड उघडायचं नाय."

धुळवडीच्या सकाळी अंगणात एक माणूस उभा राहिला. पाठीवर गळ्याशी गाठ मारलेली घोंगडी. नाकापासून हनुवटीपर्यंत निळं फडकं, त्याचीही गाठ मानेमागे. बोलत काही नव्हता.

"कोन तुमी?" मी विचारलं.

"हूं," तो म्हणाला.

"आग कुठं लावून आलात?"

"हूं?"

मी काकीला हाक मारली. काकीने त्याला खालून वर न्याहाळलं. "धोंडू एवढा बुटका नाय गो."

"गुडघे वाकवून उभा हाय. लबाड हाय तो."

काकीला पटलं. तिने होळीची राख आणून त्याच्या डोक्यावर ओतली. तो मागे सरला तशी मी घोंगडीचं टोक धरलं. तोवर सारवण करणारी काशी बाहेर आली, कोपरापर्यंत शेण. "धोंडूदादा, नाचल्याबिगर जायाचं नाय," असं म्हणत तिने त्याच्या कपाळाला शेणाचा पट्टा ओढला. मग ती थाळा बडवायला लागली. काकीने एक हात धरला, मी दुसरा, आणि आम्ही त्याला गरागरा फिरवलं. फिरता फिरता तो जोरजोरात मान हलवत होता. आम्हाला वाटलं, ताल धरतोय.

तेवढ्यात अंगणात दुसरा गगनवीर आला. पाठीवर बायकोचं लुगडं, तोंडाला लाल फडकं, आणि उंची धोंडूदादाची.

दोघं एकच असल्याचा माझा निकाल माझ्याच अंगणात खोटा ठरला. शहाण्या मुलीने इथे थांबायला हवं होतं. मला मात्र संशय आला की धोंडूदादाने कुणाला तरी साथीला आणलंय. मी पहिल्याचं फडकं दोन्ही हातांनी धरलं आणि असा हिसका दिला की मी फडक्यासकट तुळशीजवळ जाऊन बसले.

माणसाच्या तोंडातून ओरडणं, रक्त आणि एक दाढ, तिन्ही एकदम बाहेर आली. दाढेला दोरा होता. दोऱ्याचं दुसरं टोक माझ्या हातातल्या फडक्याला बांधलेलं होतं.

बाबा गोठ्यातून धावत आले आणि जागच्या जागी थिजले. "तुडीलचे पाव्हणे," ते म्हणाले. काशीच्या हातातला थाळा पडला. धोंडूदादाने आपलं फडकं आपणहून काढलं.

पाहुण्यांनी जीभ गालात फिरवली. "गेली," ते म्हणाले.

"कोन गेली?" आत असलेली आई घाबरून बाहेर आली.

"दाढ."

मग सगळं कळलं. पोलादपूरच्या वैदूने हलत्या दाढेला दोरा बांधून दिला होता आणि घरी जाऊन झटका द्या म्हणाला होता. दोरा लोंबू नये म्हणून यांनी तो फडक्यात गुंतवला. झटक्याचा धीर मात्र होईना. ताप होता म्हणून घोंगडी. वाटेत आमची वाडी लागली तेव्हा त्यांना वाटलं, न कळवता गेलं की घर खरं दिसतं. (दिसलं!)

"मुलगी कंची?" त्यांनी विचारलं.

बाबांनी मान खाली घालून काशीकडे बोट केलं. पाहुण्यांनी कपाळावरचं शेण पुसलं, दोन बोटांत चोळून पाहिलं.

"कालवलंय बरोबर. खडा नाय की गुठळी नाय. पसंत हाय."

काशीचं लग्न वैशाखात झालं. पाहुण्यांची अट एकच होती, धाकटीला मांडवात आणायचं नाही. मी घरी बसून उशिरा आलेला नवा अंक वाचला. लाल बुरखेवाला वेगळाच माणूस निघाला, आणि भला निघाला.

पाच वर्षांनी त्याच घरातून धाकट्या मुलासाठी मला मागणी आली. माझा संशय उफाळून आला. एवढं होऊनही ही माणसं मला का मागतायत? यामागे काहीतरी असणार. लग्न लागलं, तुडीलला गेले, उंबऱ्यावरचं माप ओलांडलं. सासरे ओटीवर बसले होते. मला जवळ बोलावून त्यांनी तोंड उघडलं, बोटाने एक दाढ हलवून दाखवली आणि म्हणाले, "ही बघ गो, डावीकडची."