सैल नळीची बंदूक

धाकट्या भावावर बंदूक रोखली, त्याच्या चौथ्या दिवशी तीच बंदूक दोन भागांत सुटी करून पिशवीत घातली आणि कोल्हापूरला दुरुस्तीला नेली. घरात सांगितलं, नळी सैल झालीय, डुकरं भुईमुगात घुसायला लागलीत, आयत्या वेळी घोटाळा नको. खरं कारण वेगळंच होतं. भावासमोर उभा राहिलो तेव्हा ती बंदूक माझ्या हातात खुळखुळली होती आणि मला त्याची लाज वाटत होती. सख्ख्या भावावर बंदूक धरल्याची लाज नव्हे, ती खुळखुळल्याची. त्या वेळी मी असा होतो, आणि आता सभ्यपणाचा आव आणून ते लपवण्यात काही अर्थ नाही.

आमचं रान गारगोटीच्या बाजूला, जंगलाला लागून. वडील गेल्यावर दोघांनी वाटून घेतलं. पिकाच्या राखणीची एकनळी बंदूक परवान्यासकट माझ्या नावावर झाली, तेव्हा भावानं डुकरांसाठी स्वतःचा इलाज काढला. मक्याभोवती उघडी तार ओढली आणि मोटारीच्या पेटीतून तिच्यात रात्रीपुरता करंट सोडायला लागला. मी त्याला दोनदा बजावलं होतं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "सकाळी बंद करतोय की, दादा."

एका सकाळी तो बंद करायला विसरला. माझी बायको म्हैस घेऊन त्याच्या मक्याच्या कडेच्या पाणंदीनं निघाली होती. म्हैस दहा पावलं पुढं होती म्हणून तारेला आधी ती लागली. मी विहिरीवर होतो, ओरडणं ऐकून धावलो. म्हैस आडवी पडून चारी पाय ताठ करून थरथरत होती. तोंडातून फेस आणि रक्त येत होतं, कातडं जळाल्याचा वास सुटला होता. बायको तिच्याकडं जायला धडपडत होती. हाताला दुसरं काही लागेना म्हणून मी बायकोच्या केसांना धरून तिला मागं ओढलं. तसाच पेटीकडं पळालो, फ्यूज काढला, पण तोवर म्हैस संपली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हैस पुढं नसती तर काय, एवढा एकच विचार डोक्यात होता. घरी जाऊन बंदूक काढली, बिजागरीवर उघडून काडतूस घातलं आणि नेहमीच्या सवयीनं एका हाताच्या झटक्यानं ती मिटली. भाऊ अंगणात कडबाकुट्टीवर वैरण कापत होता. मला बघून त्यानं मशीन बंद केलं. मी एक शब्द विचारला नाही. आधी दस्ता त्याच्या बरगडीत हाणला, तो गोठ्याच्या भिंतीवर जाऊन आदळला. मग घोडा चढवला आणि नळी त्याच्या छातीवर रोखली. आमच्यात चार-पाच फुटांचं अंतर होतं. त्याची बायको किंचाळत होती, शेजारच्या बाया ओरडत धावत येत होत्या. आई कुठून आली कळलं नाही. तिनं दोन्ही हातांनी नळी धरून जमिनीकडं दाबली आणि मग माझ्या तोंडात मारली. मी काडतूस काढून पट्ट्यात खोचलं आणि घरी गेलो.

संध्याकाळी आईनं विचारलं, "चाप वडल्तास काय रं?"

"न्हाय," मी म्हणालो. "भिववायला गेलतो नुसता." तिचा विश्वास बसेना म्हणून लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मी खोटं बोलतोय असं मला तेव्हा वाटलं नाही. मला तसंच आठवत होतं. गावही तेच धरून चाललं, घरातलं भांडण घरात मिटलं, ठाण्यापर्यंत कुणी गेलं नाही.

कोल्हापुरात बंदुका दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा होते. पिढीजात हत्यारांचं काम, दुकानाला परवाना, नाकावर जाड चष्मा आणि तोंडाला लगाम नाही. त्यांनी आधी माझा परवाना बघितला, मग बंदूक जोडली आणि कानाशी नेऊन हलवली. टकटक आवाज आला. भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्यांनी ते नळीच्या मागच्या तोंडाशी धरलं आणि बंदूक मिटली. कागद आत अडकायला हवा होता, पण तो त्यांनी सहज ओढून काढला. दोन पदरी घडी घातली, तीही निघाली.

"पावणं, ही मिटता कशी तुमी?"

मी एका हातात घेऊन झटका देऊन दाखवली.

"अल्ला!" त्यांनी बंदूक माझ्या हातातनं हिसकून घेतली. "बायकोच्या तोंडावर दार आपटतासा तसं? आवं, बिजागरीच्या खिळीवर समदा मार बसतोय की. ही खीळ झिजली न्हाय, तुमच्या रागानं खाल्ल्याली हाय. माणूस कसल्या डोक्याचा हाय ते मी खीळ बघून सांगतो."

मी हसलो. राग माझ्या नाकावर असतो हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमानही होता. आमच्या घरातले पुरुष तसेच, असं मी कौतुकानं सांगायचो. वडिलांनी बैलाच्या डोळ्यात चाबूक मारलेला मी पाहिला होता आणि तेही मी हसतच सांगायचो.

काडतूस बसतंय कसं ते बघायला चाचांनी एक मागितलं. मी पट्टाच पुढं केला. त्यांनी एक उपसलं, उलटं केलं आणि चष्मा कपाळावर सारून डोळ्याजवळ नेलं.

"ह्याच्यावर घोडा पडलाय की."

काडतुसाच्या बुडाला मधोमध पितळी टोपी असते. त्या टोपीवर तिळाएवढा खड्डा होता. वडिलांची बंदूक लहानपणापासून हाताळलेली, त्यामुळं त्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता.

"डुकरावर टाकल्ती," मी म्हणालो.

"कवा?"

"चार दिस झालं."

"नळी म्होरं सरकल्या. काडतूस घोड्याच्या टोच्यापासनं लांब ऱ्हातंय, मार पुरा बसला न्हाय." त्यांनी कॅलेंडरचा कागद हवेत हलवला आणि हसले. "एवढ्या कागदानं वाचलं बघा तुमचं डुक्कर!"

मी समोरच्या स्टुलावर बसलो. चार दिवस जे आठवत नव्हतं ते एकदम आठवलं. चापाचा गारपणा, बोटाला लागलेला त्याचा विरोध आणि मग तो विरोध सुटणं. मी चाप ओढला होता. पुरता ओढला होता. आईनं नळी दाबली ती त्यानंतर.

"नवी खीळ घालू न्हवं?" चाचांनी विचारलं.

नको म्हणता आलं असतं. पण नको म्हणालो असतो तर का ते सांगावं लागलं असतं. "घाला," मी म्हणालो.

त्यांनी जुनी खीळ ठोकून काढली, नवी किंचित जाड घेतली. दिव्याच्या ज्योतीवर धरून लोखंडावर काजळी चढवायची, बंदूक मिटायची, उघडायची, जिथली काजळी पुसली जाईल तेवढंच कानशीनं घासायचं. पुन्हा काजळी, पुन्हा मिटणं. दोन-अडीच तास हे चाललं. प्रत्येक खेपेला माझ्या डोळ्यांसमोर भावाची छाती येत होती, मळका बनियन घातलेली. शेवटी त्यांनी कागद घालून बंदूक मिटली आणि ओढला. कागद फाटून अर्धा हातात आला.

"आता न्हाय चुकायची," ते समाधानानं म्हणाले. "म्होरं येईल त्ये पडंल."

मग त्यांनी मला हळू मिटायला शिकवलं. दस्ता उचलून नळीला भेटवायचा, बंदूक उघडायची कळ अंगठ्यानं धरून सावकाश सोडायची. मला ते तीनदा जमलं नाही, तिन्ही वेळा मी शिव्या खाल्ल्या. खड्डा पडलेलं काडतूस मी मागून घेतलं.

दुपारच्या एसटीनं परत आलो. बंदूक घरात ठेवली आणि तसाच भावाच्या अंगणात गेलो. तो गोठा लोटत होता. मी काडतूस उलटं करून त्याच्यापुढं धरलं आणि म्हणालो, "मी चाप वडलाता. शपथ खोटी हुती."

त्यानं काडतूस नीट बघितलं, भिंतीतल्या दिवळीत ठेवलं आणि माझ्या तोंडावर बुक्की मारली. दात तुटल्याचं मला जिभेला कळलं. दुसरी बुक्की कानावर बसली, मी शेणात पडलो. मग त्यानं लाथा घातल्या, पाठीत, बरगडीत. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचा तरी मार हात न उचलता खाल्ला. तो मारता मारता रडत होता. दमला तसा भिंतीला टेकून खाली बसला.

"मला आवाज आल्ता, दादा," तो म्हणाला. "बायका वराडत हुत्या, तरी मी ऐकला. खट्ट. कुणालाबी म्हनलो न्हाय. तू पोरीच्या डोक्यावर हात ठेवलास तवा मी दारातच हुतो."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुला ठावंच नसंल असं धरून चाललो. ठावं असून शपथ घेतलीस म्हटलं तर मला भाऊच उरत नव्हता." त्यानं नाक पुसलं. "तार काढल्या मी. म्हशीच्या जागी वैनी असती तर मी सोता तुझ्याम्होरं छाती काढून उभा ऱ्हायलो असतो. तुला बंदूक आणायची गरज नव्हती."

मी रक्त थुंकलो.

पुढच्या आठवड्यात बंदूक ठाण्यात जमा केली आणि परवाना रद्द करायचा अर्ज दिला. डुकरं येतात, भुईमूग उकरून जातात, आम्ही दोघं डबे वाजवत राखण करतो. लोक म्हणतात, भाऊ असावेत तर असे. सणावाराला आईकडं एकत्र जेवतो, तो मला आग्रह करून वाढतो, माझ्या लेकीच्या लग्नाचं सगळं त्यानंच पाहिलं. फक्त मी पंक्तीत असलो की तो आपलं ताट उचलतो आणि भिंतीला पाठ लावून, मी नजरेसमोर राहीन असा बसतो. हे त्याच्या लक्षातही येत नसेल. माझ्या मात्र दर वेळी लक्षात येतं.