दुरुस्त झालेले दहा

पाणीपुरवठा खात्याच्या कचेरीत दोनशे अकरा संगणक होते आणि ते ज्याच्या जिवावर चालत, त्याला सगळे मागे मिनिटराव म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती, कारण संगणक अडला की गाठ त्याच्याशीच होती. जिन्यात कोणी सहज 'किती वाजले?' विचारलं, तर हा गृहस्थ 'नऊ वाजून सतरा' एवढं सांगून थांबत नसे. विचारणाऱ्याचं घड्याळ किती मागे आहे तेही ऐकवत असे.

घरी आई होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. पेल्यात पाणी ओतताना ती आत बोट धरायची आणि बोट भिजलं की थांबायची. जन्मभर शिवणकाम केलेल्या त्या बाईला दोन वर्षांत सुईत दोरा ओवता आला नव्हता. सात महिने वाट पाहिल्यावर इस्पितळाचं पत्र आलं: उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया, मंगळवारी, सकाळी दहा वाजता. तिने ते मुलाकडून तीनदा वाचून घेतलं आणि सुनेला स्वयंपाकघरातल्या भिंतीवर लावायला सांगितलं.

त्यानंतर सरकारात वर बसलेल्यांच्या मनात आलं. उन्हाळ्याआधी घड्याळं तासभर पुढे करायची, थंडीआधी मागे आणायची, हे वर्षानुवर्षं ठरल्या तारखेला चालायचं. या वर्षी ती पुढे करायची तारीख तीन आठवडे अलीकडे आणली, म्हणे विजेची बचत. वीज किती वाचली देव जाणे, अक्कल मात्र पुष्कळ खर्ची पडली. संगणकांना जुनीच तारीख पाठ होती, त्यामुळे त्या तीन आठवड्यांतली दहाची प्रत्येक बैठक त्यांच्या कॅलेंडरात अकराला दिसू लागली.

मिनिटरावांना आकाश ठेंगणं झालं. दुरुस्तीचा प्रोग्राम घेऊन ते मजल्यामागून मजले फिरले आणि प्रत्येक संगणकावर स्वतः छापलेली पिवळी पट्टी चिकटवत गेले: 'दुरुस्त झाले आहे. हात लावू नये.' तरी लोक हात लावतच. मुख्य अभियंत्यांनी भीतीपोटी सगळ्या बैठका हाताने आणखी तासभर अलीकडे ओढल्या आणि सभागृहात तासभर एकटेच बसून राहिले. मिनिटरावांनी त्यांनाही सोडलं नाही.

"साहेब, बरोबर आहे त्यावर आपलं डोकं लावलं की बिघडतं."

आईचा मंगळवार नेमका त्याच तीन आठवड्यांत आला. आदल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी हेच मिनिटराव भिंतीवरचं पत्र काढून दिव्याखाली धरून बसले.

"हे पत्र तारीख बदलायच्या आधीचं आहे," ते बायकोला म्हणाले. "म्हणजे जुने दहा. जुने दहा म्हणजे आताचे अकरा."

बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. छोटा काटा आणि मोठा काटा शिकवण्यात तिची वीस वर्षं गेली होती.

"अहो, कागदावरचे दहा कुठे सरकतात? भिंतीवर दहा वाजले की दहा."

"तुला यातलं कळत नाही."

"मग फोन करून विचारा."

"दोनशे अकरा संगणक सरळ केलेत मी. आता इस्पितळातल्या कारकुनाला विचारू?"

"दहालाच जाऊन बसू या की रे," आई कोपऱ्यातून म्हणाली. "मला काय, बाकावर तर बसायचं."

"उगाच ताटकळायचं कशाला, आई?" म्हणत त्यांनी लाल पेनने दहा खोडून अकरा लिहिलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं. बायको होती, पण तिचं कोण ऐकतो?

मंगळवारी बायको सकाळीच शाळेत गेली. आई आठ वाजल्यापासून चपला घालून दाराशी बसली होती. दहा वाजून बावन्न मिनिटांनी मिनिटराव तिला घेऊन इस्पितळाच्या खिडकीपाशी उभे राहिले, आठ मिनिटं आधी पोचल्याच्या समाधानात.

"आजींचं नाव दहाला दोनदा पुकारलं," कारकून म्हणाली. "डॉक्टर वीस मिनिटं थांबल्या. आता दुसऱ्या पेशंटला आत घेतलंय."

मिनिटराव तिला जुने दहा आणि नवे दहा समजावू लागले. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आज नऊ पेशंट आहेत, साहेब. बाकीचे आठ वेळेवर आले. त्यांच्यातल्या कोणाला संगणकातलं फारसं कळत नसावं."

पुढची तारीख पाच महिन्यांनंतरची मिळाली. गाडीत आईने पायातल्या चपला काढून ठेवल्या.

"पाच महिने काय, जातील," ती म्हणाली.

ती चिडली असती तर मिनिटरावांना सोसलं असतं. घरापर्यंत त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

संध्याकाळी बायकोने नवं पत्र वाचलं. नवऱ्याच्या पिशवीतून एक पिवळी पट्टी काढून तिने ती पत्रावरच्या वेळेखाली चिकटवली आणि पत्र भिंतीवर लावलं.

आईने चाचपडत पत्रावरून बोट फिरवलं. "हे काय चिकटवलंय? काही लिहिलंय का त्यावर? वाच की रे."

मिनिटरावांनी ते आईला वाचून दाखवलं.